सैनिकांसाठी खोके भरताय? या चुका टाळा

युद्ध पेटलं की घराघरांतून मदतीचे खोके भरले जातात. माया खरी असते, पण खोका उघडणारा चिखलात बसलाय हे भरताना कुणाच्या लक्षात राहत नाही.

सगळ्यात जास्त घोळ मोज्यांचा. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या पाण्यात पाय दिवसेंदिवस भिजत आणि ‘ट्रेंच फूट’ होई. पाय बधिर पडत, सुजत, काहींचे तर कापावे लागत. म्हणून कोरड्या मोज्यांना भलतीच किंमत. पण हातविणीच्या मोज्याच्या टोकाला जाड शिवण राहिली, तर तीच बुटात घासून फोड आणते. विणून झालं की मोज्यात हात घाला आणि बोटांच्या जागी अंगठा फिरवा. गाठ लागली तर सरळ उसवा. दोन्ही बाजूंचे टाके सुईने एकमेकांत ओवून टोक बिनशिवणीचं बंद करता येतं. या टाक्याला ब्रिटनचे तेव्हाचे युद्धमंत्री किचनर यांचं नाव आहे. बाकी विणकामातली नक्षी तुमच्या हौसेची, पायाला तिचं काही नाही.

न विचारता पाठवणं ही दुसरी खोड. एकीकडे ढीग, दुसरीकडे ठणठणाट. ब्रिटनमध्ये ही विस्कळीत मदत एका सूत्रात बांधायला 1915 साली सर एडवर्ड वॉर्ड यांना खास नेमावं लागलं. तेव्हा आधी तुकडीकडून यादी मागवा.

सगळ्यांना एकच भेट, हेही नको. 1914 च्या नाताळात राजकन्या मेरीच्या नावाने सैनिकांना पितळी डबी गेली, त्यात तंबाखू आणि सिगारेटी. पण न ओढणाऱ्यांना आंबट गोळ्या आणि लिहिण्याचं साहित्य, शीख सैनिकांना खडीसाखर आणि मसाले. एवढा विचार तेव्हा झाला होता!

पैशांचा विषय नाजूक. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमधल्या अमेरिकन रेडक्रॉसने फुकटचे डोनट विकत द्यायला सुरुवात केली. ब्रिटिश सैनिकांना खाण्याचे पैसे मोजावे लागत, म्हणून अमेरिकन सैन्यानेच तसं सांगितलं होतं. हे कारण कुणी ऐकून घेतलं नाही, राग मात्र अनेक दशकं टिकला. पैसे घ्यायचेच असतील तर पहिल्या दिवसापासून घ्या.

बिस्किटांना साबणाचा वास लागला? दोन्ही एका पिशवीत होते. साबण वेगळा, घट्ट बांधून ठेवा. काच नको, लायटर नको. गाडीवर हौसेने रेडक्रॉसचं चिन्ह रंगवू नका, जिनिव्हा करारांनी ते राखून ठेवलंय. वाटपाचे फोटो टाकताना मागची पाटी, तुकडीचं नाव, रस्त्याचं वळण दिसत नाही ना, ते बघा. खरं तर फोटो नकोच.

आणि सोबतच्या चिठ्ठीत ‘तिकडे कसं चाललंय?’ असं विचारू नका. त्याला ते लिहिता येत नाही. तुमच्या दारातल्या मांजरीला किती पिल्लं झाली, ते लिहा.