हातउसने पैसे वसूल करताना: आधी तारीख, मग वकील

मुंबईच्या लघुवाद न्यायालयात रकमेचे दावे १०,००० रुपयांपर्यंतच चालतात. त्यामुळे उसनवारीचा दावा बहुधा दिवाणी न्यायालयातच जातो. समोरचा जिथे राहतो तिथल्या कोर्टात लावला की हद्दीचा वाद उरत नाही.

दावा अडकतो तो मुदतीत. दावा लावायची मुदत ३ वर्षांची. ‘मागशील तेव्हा देतो’ असं ठरलं असलं तरी पैसे दिल्या दिवसापासून मोजतात, मागितल्या दिवसापासून नाही. वकिलाच्या नोटिशीनेही ती वाढत नाही. वाढवायचीच तर मुदत संपण्याआधी त्याच्याकडून सहीनिशी ‘इतके देणे आहे’ असं लिहून घ्या. किंवा हजार रुपये का होईना, परत घ्या आणि ते दिल्याची नोंद त्याच्याच हस्ताक्षरात करून घ्या.

वचनचिठ्ठीवर (पैसे परत देण्याचं सहीचं लेखी वचन, प्रॉमिसरी नोट) महसुली तिकीट नसेल तर ती पुराव्यात येत नाही. नंतर दंड भरूनही नाही. तिकीट लावलेली चिठ्ठी असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली संक्षिप्त (झटपट चालणारा) दावा होतो. प्रतिवादीला १० दिवसांत हजर व्हावं लागतं आणि बचावासाठी कोर्टाची परवानगी घ्यावी लागते.

नुसता बँकेचा उतारा असेल तर ‘ती भेट होती’ हे उत्तर ठरलेलं. तिथे ‘पुढच्या महिन्यात परत करतो’ हा व्हॉट्सॲप मेसेज कामी येतो, पण स्क्रीनशॉटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं) प्रमाणपत्र जोडा. मूळ फोनही विकू नका.