थंड हवेत बाहेर बेसिल लावायचंय? मग दिवसाचं नाही, रात्रीचं तापमान बघा

थंड हवेत बेसिल बाहेर येतच नाही असं बरेच जण सरळ सांगून टाकतात आणि मग लोक खिडकीत एक मरतुकडं रोप ठेवून गप्प बसतात. पण तसं नाहीये. उन्हाळ्याचे दोन-तीन महिने जरी नीट मिळाले ना, तरी बाहेरचं बेसिल घरातल्यापेक्षा किती तरी जाड पानांचं आणि जास्त वासाचं होतं, फक्त एक गोष्ट पाळायची, घाई करायची नाही.

हे झाड तुळशीच्या कुळातलं, मूळचं गरम प्रदेशातलं. त्याला मारायला बर्फच पडावा लागतो असं काही नाही, रात्रीचा पारा १० अंशाच्या खाली गेला की त्याला त्रास सुरू होतो, आणि दहिवर, म्हणजे गोठलेलं दव, पडलं तर एका रात्रीत खेळ खलास. मी पहिल्या वर्षी दुपारचं छान ऊन बघून बारा रोपं बाहेर लावली, दिवसा १८-१९ अंश होतं, रात्री ते ६ वर आलं. सकाळी पानांवर ओलसर गडद डाग होते, पान गरम पाण्यात बुडवून काढल्यासारखं, आणि दुपारपर्यंत ते डाग काळे पडले. बाराच्या बारा रोपं गेली. तेव्हापासून मी दिवसाचं तापमान बघतच नाही.

म्हणून पहिली खरेदी बियांची नाही तर थर्मामीटरची, तो रात्रीचं सगळ्यात कमी तापमान लक्षात ठेवणारा मिळतो ना तो घ्या आणि रोप जिथे ठेवणार तिथेच, रोपाच्या उंचीवर ठेवा. मोबाईलवर दिसणारं तापमान जमिनीपासून बरंच वर, सावलीतलं धरलेलं असतं, निरभ्र रात्री जमिनीलगत त्याहून दोन-चार अंश कमी असू शकतं आणि आपलं रोप तर तिथेच उभं असतं. सलग आठ-दहा रात्री पारा १० च्या वर राहिला की मगच बाहेर. १२ असेल तर फारच उत्तम.

तोपर्यंत रोपं घरात तयार करायची. शेवटचं दहिवर साधारण कधी पडतं त्याच्या सहा ते आठ आठवडे आधी बी पेरा. माती आधी भिजवून घ्या, मग बी वर पसरा, आणि त्यावर अगदी पातळ, अर्धा सेंटीमीटरपेक्षा कमी थर द्या. सब्जा भिजवल्यावर कसा फुगतो माहितीये ना, सब्जा हे बेसिलचंच बी, त्यामुळे मातीतही तसंच होतं, काळ्या दाण्याभोवती काही मिनिटांतच पांढुरका, निळसर बुळबुळीत थर येतो, तो दिसला की ओल पुरेशी आहे असं समजायचं आणि वरून पाणी ओतायचं नाही. २० ते २५ अंशाची ऊब असेल तर पाच ते दहा दिवसांत उगवतं. उगवल्याबरोबर भरपूर उजेड द्या, नाहीतर रोपं बारीक आणि लांबुडकी होतात. पाणी जास्त झालं तर बुंध्याशी सडून कोलमडतात, वरची माती जरा सुकू द्यावी.

विकतचं कुंडीतलं दाट बेसिल आणलं असेल तर नीट बघा, ते एक झाड नसतं, दहा-पंधरा किंवा जास्तच रोपं एकमेकांत कोंबलेली असतात. हलक्या हाताने तीन-चार गठ्ठे वेगळे करून लावा, नाहीतर ती एकमेकांचंच अन्न-पाणी ओढत बसतात.

बाहेर एकदम नेऊन ठेवायचं नाही हां. पहिल्या दिवशी तासभर, वारा लागणार नाही अशा सावलीत, मग रोज थोडं वाढवत सात ते दहा दिवसांत पूर्ण उन्हात, आणि रात्री आत. कंटाळवाणं काम आहे पण हे टाळलं तर पानं पांढरी पडून भाजतात.

जमिनीत की कुंडीत? थंड हवेत मी तरी कुंडीच म्हणेन. जमीन तापायला फार वेळ लागतो, कुंडी लवकर तापते आणि हवा बिघडली तर उचलून आत नेता येते. १५-२० सेंटीमीटरची गडद रंगाची कुंडी, खाली भोक हवंच. ती दिवसभर ऊन खाणाऱ्या भिंतीला टेकवून ठेवा (उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे तोंड असलेली भिंत), विटांची किंवा दगडी भिंत रात्री ती ऊब हळूहळू सोडते आणि तेवढ्याने खूप फरक पडतो. रोज सहा-आठ तास ऊन हवं. रात्र गार वाटली तर तळ कापलेली प्लॅस्टिकची बाटली वरून घाला, सकाळी ऊन आलं की आठवणीने काढा, आत दमट राहिलं की बुरशी येते. वारं फार असेल तर छोट्या पानांचा, झुडुपासारखा ग्रीक बेसिल लावून बघा, मोठ्या पानांच्या जातीपेक्षा तो कमी फाटतो.

पाणी सकाळीच, मुळाशी. संध्याकाळी ओली झालेली पानं रात्रभर गार राहतात आणि तिथूनच रोग सुरू होतो. पान वरून शिरांच्या मधे पिवळं आणि खालून करडं, जांभळट भुकटीसारखं दिसलं तर तो केवडा नावाचा रोग, ते झाड लगेच उपटून लांब टाका, बाकीच्यांत अंतर वाढवा. नळाचं पाणी बर्फासारखं गार असेल तर झारीत भरून थोडा वेळ उन्हात ठेवलेलं बरं. आणि गोगलगायी! कोवळं रोप एका रात्रीत फस्त करतात, अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन वेचणे हाच माझ्याकडे चालणारा उपाय.

पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की शेंडा खुडा, खालून दुसऱ्या जोडीच्या जरा वर. जीव होत नाही खुडायला, मला माहितीये, पण त्या जोडीच्या बगलेत बघा, दोन्हीकडे टाचणीच्या डोक्याएवढे कोंब आधीच बसलेले असतात, शेंडा गेला की तेच दोन फांद्या होतात. पुढेही सुटी पानं ओरबाडू नका, फांदीच कापा. मंजिरी दिसली की काढा, फुलोरा धरला की नवी पानं कमी येतात.

सीझन संपताना रात्री परत १० कडे यायला लागल्या की वाट बघत बसू नका. दहा-बारा सेंटीमीटरच्या फांद्या कापून खालची पानं काढून पाण्यात ठेवल्या तर साधारण एक-दोन आठवड्यांत मुळं फुटतात, ती रोपं खिडकीत लावा. बाकी सगळं त्याच दिवशी कापून घ्या. फ्रिजमध्ये मात्र नको, तिथल्या ४ अंशात पानं बाहेरच्या थंडीसारखीच काळी पडतात, एक-दोन दिवसांत संपणार असेल तर पाण्याच्या ग्लासात ओट्यावर ठेवा, उरलेली बारीक चिरून तेलात कालवून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून टाका.