एक नाव, तीन कुलुपे : ओपनएसएसएलमधील थ्रेड लॉकिंग शिकताना

२०१३ साली मी पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत रुजू झालो, तेव्हा माझ्या वाट्याला आलेले पहिले काम म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला एक सर्व्हर अधूनमधून का कोसळतो, हे शोधणे. सर्व्हर सी भाषेत होता, एका वेळी बरेच थ्रेड (एकाच प्रोग्राममध्ये समांतर चालणारे कामाचे धागे) चालवत असे आणि टीएलएससाठी, म्हणजे नेटवर्कवरचा संवाद कूटबद्ध करण्यासाठी, ओपनएसएसएल या लायब्ररीची १.०.१ ही आवृत्ती वापरत असे. आमच्या चाचणीच्या मशीनवर तो आठवडाभर बिनतक्रार चाले. ग्राहकाकडे, जिथे गर्दी खरी असे, तिथे दोन-तीन दिवसांत मान टाके. कोअर डंप (कोसळतानाच्या स्मृतीची नोंद) उघडावा तर दर वेळी निराळी जागा दिसे : कधी सर्टिफिकेट मोकळे करताना, कधी सेशन शोधताना, कधी एररची नोंद करताना. आज असे लक्षण दिसले की मी कोसळलेल्या ओळीकडे फार वेळ पाहत नाही, आधी लॉक तपासतो, म्हणजे थ्रेडनी एकाच माहितीला एकदम हात लावू नये म्हणून घातलेली कुलुपे. तेव्हा मात्र त्या ओळींवरच मी तीन आठवडे घालवले.

कारण सापडले ते लाजिरवाणे होते. त्या काळच्या ओपनएसएसएलकडे स्वतःचे लॉक नव्हतेच. लायब्ररीत ० पासून ४० पर्यंत क्रमांक दिलेल्या ४१ लॉकची यादी होती, पण प्रत्यक्ष लॉक तयार करणे, ते घेण्या-सोडण्याचे फंक्शन लिहिणे आणि ते कॉलबॅक (लायब्ररीने गरजेला बोलावायचे फंक्शन) म्हणून लायब्ररीकडे नोंदवणे हे सारे वापरणाऱ्याने करायचे होते. घर आमचे, कुलूप तुम्ही आणा, असा हा व्यवहार. त्यामागे कारण होते : ही लायब्ररी युनिक्सच्या अनेक प्रकारांवर, विंडोजवर आणि व्हीएमएससारख्या प्रणालींवरही चालायची होती, आणि थ्रेडची सोय या सर्वांवर एकसारखी नव्हती, म्हणून तो निर्णय प्रोग्राम लिहिणाऱ्यावर सोडलेला होता. अडचण अशी की कॉलबॅक नोंदवला नाही, तर ना कंपायलर कुरकुर करी, ना लायब्ररी. लॉक घेण्याचा आदेश काहीही न करता परत येई.

त्याचा परिणाम नेमका कसा होतो, हे एकदा कागदावर मांडून पाहावे. एका सर्टिफिकेटचा रेफरन्स काउंट (वापरणाऱ्यांची नोंदलेली संख्या) २ आहे. दोन नवे थ्रेड तेच सर्टिफिकेट वापरायला घेतात आणि दोघेही काउंट एकाने वाढवू पाहतात. पहिला २ वाचतो, त्याने ३ लिहिण्याआधीच दुसराही २ वाचतो, आणि मग दोघेही ३ लिहितात. वापरणारे चार, नोंद तीनची. पुढे तिघांनी सर्टिफिकेट सोडले की काउंट ० होतो, स्मृती मोकळी होते, आणि चौथा थ्रेड त्या मोकळ्या जागेत वाचत राहतो. तो कोसळेल तेव्हा खरा दोष घडून कदाचित दोन तास झालेले असतील. चाळीसएक ओळींचा कॉलबॅक लिहून नोंदवल्यावर आमचा सर्व्हर शांत झाला.

तरीही ती रचना अपुरीच होती, कारण कॉलबॅकचा पॉइंटर (त्याचा स्मृतीतला पत्ता) सगळ्या प्रोसेससाठी एकच होता. त्याच प्रोसेसमध्ये ओपनएसएसएल वापरणारी दुसरी लायब्ररी आली आणि तिनेही आपला कॉलबॅक नोंदवला, तर शेवटी नोंदवणाऱ्याचा शब्द चाले. आणि ती लायब्ररी स्मृतीतून काढून टाकली गेली, तर पॉइंटर रिकाम्या जागेकडे बोट दाखवत राही. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसच्या लिबपीक्यू या लायब्ररीत ‘ओपनएसएसएल मी आधीच सुरू केले आहे, तुम्ही हात लावू नका’ असे सांगण्यासाठी वेगळे फंक्शन आहे. या पार्श्वभूमीवर ते वाचले की त्याचे प्रयोजन लगेच उमगते.

२५ ऑगस्ट २०१६ रोजी १.१.० ही आवृत्ती आली आणि लॉक लायब्ररीने स्वतःकडे घेतले. जुने कॉलबॅक नोंदवणारे आदेश केवळ नावापुरते उरले. जुन्या प्रकल्पांत ते आजही दिसतात आणि नवा माणूस त्यांचा अर्थ लावण्यात दिवस घालवतो. ते खुशाल ओलांडून पुढे जावे.

नवोदितांनी अभ्यासाला सुरुवात करावी ती इथून. लायब्ररीच्या ‘क्रिप्टो’ या डिरेक्टरीत थ्रेडविषयी तीन फाइली आहेत : एक पीथ्रेडसाठी (युनिक्स-लिनक्सवरची थ्रेडची प्रमाण सोय), एक विंडोजसाठी आणि एक थ्रेडच नसलेल्या बांधणीसाठी. तिन्हींत फंक्शनांची नावे तीच आहेत : लॉक बनवा, वाचनासाठी घ्या (अनेकांना एकदम मिळू शकते), लेखनासाठी घ्या (एकट्यालाच मिळते), सोडा, मोडा, शिवाय एखादे काम एकदाच करा आणि काउंट अविभाज्यपणे, म्हणजे मध्ये दुसऱ्या थ्रेडला शिरू न देता, वाढवा. तिन्ही फाइली शेजारी-शेजारी उघडून एकेक फंक्शन आडवे वाचत जावे. मी हे काम सुरू केल्यावर पहिल्याच वर्षी करायला हवे होते. केले बऱ्याच वर्षांनी, तेही एका नव्या दोषाने कान धरल्यावर.

झाले असे की आमचे एक जुने उत्पादन विंडोजवरून लिनक्सवर आणायचे होते. त्यात सर्टिफिकेटांचा एक साठा होता आणि त्याच्या रक्षणासाठी कोणीतरी ओपनएसएसएलचेच लॉक वापरले होते. शोधणारे फंक्शन वाचनाचे लॉक घेई. सापडलेल्या सर्टिफिकेटची मुदत संपलेली असली, तर ते काढून टाकणाऱ्या फंक्शनला बोलावी. आणि ते दुसरे फंक्शन त्याच साठ्याचे लेखनाचे लॉक मागे. विंडोजवर दोन वर्षे यावर एकही तक्रार आली नव्हती. लिनक्सवर पहिले मुदतबाह्य सर्टिफिकेट येताच सर्व्हर थिजला. तो कोसळला नाही, काही बोलला नाही. प्रोसेसरचा वापर शून्य. जीडीबी हे दोष शोधण्याचे साधन जोडून ‘थ्रेड अप्लाय ऑल बीटी’ (सर्व थ्रेडचे स्टॅक दाखव) हा आदेश दिल्यावर बहुतेक थ्रेड लेखनाच्या लॉकसाठी रांगेत उभे दिसले. त्यांतल्या एका थ्रेडचा स्टॅक (फंक्शनांनी एकमेकांना बोलावल्याची साखळी) वरून खाली वाचत गेलो, तर चार फ्रेम खाली तेच शोधणारे फंक्शन होते, ज्याने वाचनाचे लॉक अजून सोडलेलेच नव्हते. तो थ्रेड स्वतःच्याच जाण्याची वाट पाहत दारात उभा होता.

विंडोजवर हे का चालले, याचे उत्तर त्या दुसऱ्या फाइलीत आहे. १.१.० मध्ये विंडोजसाठी क्रिटिकल सेक्शन हे विंडोजचे साधे लॉक वापरलेले होते. त्याला वाचन-लेखन हा भेद ठाऊक नसतो, म्हणून दोन्ही फंक्शने आत एकच आदेश देत. आणि ज्या थ्रेडकडे क्रिटिकल सेक्शन आधीच आहे, त्याला ते पुन्हा मिळते. पीथ्रेडच्या बाजूला मात्र खरे वाचन-लेखन लॉक होते, आणि वाचक असतानाच लेखक होऊ पाहणाऱ्याला ते दाद देत नाही. पुढे ओपनएसएसएलच्या ३.x मालिकेत विंडोजची बाजूही बदलली. व्हिस्टापासून उपलब्ध असलेले एसआरडब्ल्यू हे विंडोजचे वाचन-लेखन लॉक तिथे आले आणि तेही त्याच थ्रेडला दुसऱ्यांदा आत घेत नाही. म्हणजे आमचा प्रोग्राम लिनक्सवर आणला नसता, तरी लायब्ररी अद्ययावत करण्याच्या दिवशी विंडोजवरही तो असाच थिजला असता.

याहून घातक प्रकार म्हणजे लेखनाचे लॉक हाती असताना त्याच थ्रेडने ते पुन्हा मागणे. ग्लिबसी ही लिनक्सवरची सी लायब्ररी अशी चूक ओळखते आणि थिजण्याऐवजी डेडलॉकची (कायमचे अडकण्याची) एरर परत करते. ओपनएसएसएलचे फंक्शन ती पाहून ० परत देते. आता लॉक घेणाऱ्या फंक्शनचा परतावा किती जण तपासतात? तो तपासला नाही, तर आतले फंक्शन न मिळालेल्या लॉकवर काम उरकते आणि शेवटी लॉक सोडते. सुटते ते बाहेरच्या फंक्शनचे लॉक, आणि उरलेले काम उघड्यावर चालते. थिजलेला सर्व्हर परवडला. तो निदान जागेवर सापडतो. तेव्हापासून परतावा न तपासणारी ओळ मी तपासणीत पुढे जाऊ देत नाही, आणि यावरून सहकाऱ्यांशी माझे वादही झाले आहेत.

एसआरडब्ल्यू लॉकच्या निमित्ताने एक छोटा प्रश्न अभ्यासाला घ्यावा. पीथ्रेडमध्ये लॉक सोडण्याचा आदेश एकच आहे. एसआरडब्ल्यूमध्ये वाचकाने सोडण्याचा वेगळा आणि लेखकाने सोडण्याचा वेगळा. ओपनएसएसएलचे ‘सोडा’ हे फंक्शन मात्र एकच आहे. मग कोणता आदेश द्यायचा, हे त्याला कसे कळते? लॉकशेजारी एक खूण ठेवलेली आहे. लेखक लॉक मिळाल्यानंतर ती १ करतो आणि सोडण्याआधी ० करतो. ही खूण कोणत्याही वेगळ्या रक्षणाविना सुरक्षित का राहते, हे स्वतःच्या शब्दांत एका परिच्छेदात लिहून पाहावे. मुलाखतीत मी उमेदवारांना हा प्रश्न आवर्जून विचारतो.

काउंट वाढवणाऱ्या फंक्शनला एक लॉकही द्यावे लागते. कंपायलर आणि प्रोसेसर अविभाज्य बेरीज करू शकत असतील, तर त्या लॉकला कोणी हात लावत नाही. म्हणून नेहमीच्या ६४ बिटी लॅपटॉपवर तिथे नल (रिकामा) पॉइंटर दिला तरी बेरीज होते. जिथे ती सोय नाही, तिथे तेच लॉक घेऊन बेरीज केली जाते आणि नल दिलेला प्रोग्राम तोंडघशी पडतो.

साधनांबाबत थोडक्यात सांगतो. जीसीसी किंवा क्लँग या कंपायलरचे थ्रेड सॅनिटायझर (थ्रेडचे असे घोळ पकडणारी सोय) चालू करून आधी स्वतःचा छोटा प्रोग्राम बांधावा. वर सांगितलेला काउंटचा घोळ मुद्दाम घडवून आणावा आणि येणारा अहवाल ओळ-ओळ वाचावा. त्याच कामासाठी व्हॅलग्रिंड या साधनसंचातले हेलग्राइंडही उपयोगी आहे, पण त्याखाली प्रोग्राम बराच मंदावतो. लायब्ररीच्या चाचण्यांत थ्रेडविषयी एक स्वतंत्र फाइल आहे; तीत स्वतःची एक चाचणी भरणे हा पहिल्या योगदानाचा चांगला मार्ग आहे. व्हर्च्युअल मशीनवर का होईना, दुसरी प्रणाली जवळ ठेवावी. फक्त लिनक्सवर तपासलेला बदल पाठवून मी एकदा तोंडावर पडलो आहे.

योगदान पाठवण्याआधी कागदपत्रांचे पाहून ठेवावे. किरकोळ दुरुस्ती सोडली, तर ओपनएसएसएल योगदानकर्त्याकडून करारनामा मागते, आणि नोकरीत असताना केलेल्या कामासाठी कंपनीच्या वतीनेही सही लागू शकते. माझा पहिला बदल तयार होऊन आमच्या विधी विभागाच्या टेबलावर पाच महिने पडून होता, तोवर मूळ फाइल इतकी बदलली की तो मला नव्याने लिहावा लागला.