रातांबे-जांभळाच्या हंगामात सोडियम बेंझोएट मोजूनच वापरावे

कोकणात मे महिन्याच्या उत्तरार्धात रातांबे (कोकमाची फळे), करवंदे आणि जांभळे जवळपास एकाच वेळी हाताशी येतात, आणि पाऊस सुरू होण्याआधी त्यांचे सिरप किंवा स्क्वॅश करून ठेवण्याची बागायतदारांची व बचत गटांची धांदल उडते. या घाईतही सोडियम बेंझोएटसारखे परिरक्षक, म्हणजे रस टिकवणारे रसायन, अंदाजाने, चिमटीने टाकण्याची सवय कटाक्षाने सोडावी.

लाल-जांभळ्या फळांसाठी सोडियम बेंझोएटच निवडावे. आंबा, कैरी व लिंबासाठी वापरले जाणारे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, म्हणजे केएमएस, रसात सल्फर डायऑक्साइड सोडते आणि त्यामुळे रातांब्याचा लालबुंद रंग फिका पडतो. आवळ्याच्या रसात मात्र बेंझोएट टाळावे, कारण क जीवनसत्त्वाशी त्याचा संयोग होऊन, विशेषतः ऊन व उष्णता लागल्यास, अल्प प्रमाणात बेंझिन तयार होऊ शकते.

स्क्वॅश व सिरपात बेंझोइक आम्लाची कायदेशीर मर्यादा किलोला 600 मिलिग्रॅम आहे. त्यामुळे तयार 10 किलो सिरपाला 6 ग्रॅम सोडियम बेंझोएट पुरेसे होते. पाणी न मिसळता थेट प्यायच्या सरबतासाठी हीच मर्यादा केवळ 120 मिलिग्रॅम आहे, म्हणून तेथे 10 किलोला 1 ग्रॅमच घ्यावे. सिरपाचे माप सरबताला लावण्याची चूक फार सहज होते आणि तीच सर्वांत महागात पडते. स्वयंपाकघरातील वजनकाटा या कामाला चालत नाही, 0.1 ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा घ्यावा.

बेंझोएट आंबट रसातच काम करते, कारण बुरशी व यीस्टला रोखणारे बेंझोइक आम्ल आम्लतेतच मोकळे होते. रातांब्याला ही अडचण नाही, परंतु गोड जांभळाच्या रसात सायट्रिक आम्ल मिसळून सामू (पीएच) 4 च्या खाली आणावा. भुकटी कोरडी टाकल्यास आंबट रसात तिचे पांढरे कण साखळतात. म्हणून ती आधी उकळून कोमट केलेल्या थोड्या पाण्यात पूर्ण विरघळवावी आणि सिरप गाळून झाल्यावर, ढवळत ढवळत, शेवटी मिसळावी. सडकी फळे त्यामुळे सुधारत नाहीत, ती निवडतानाच बाजूला काढावीत.

भरपूर मीठ घालून केलेल्या आगळाला, म्हणजे रातांब्याच्या खारवलेल्या रसाला, परिरक्षकाची गरज नसते. विक्रीच्या बाटलीवर मात्र वापरलेल्या परिरक्षकाचे नाव ठळक छापावे. केएमएस वापरले असेल तर ते विशेष आवश्यक आहे, कारण दम्याच्या काही रुग्णांना सल्फाइटचा त्रास होतो.