चयापचयी एमआरआयचे फॅन्टम : या चुका टाळा

स्पेक्ट्रोस्कोपीचे, म्हणजे एमआरआय यंत्राने शरीरातील रसायने मोजण्याच्या तंत्राचे, आकडे बिघडले की संशय आधी यंत्रावर जातो. दोष मात्र पुष्कळदा चाचणीसाठी ठेवलेल्या, ठरावीक रसायनांच्या द्रावणाने भरलेल्या बाटलीतच, म्हणजे फॅन्टममध्येच असतो, आणि तीच तपासायची राहून जाते.

मी सर्वाधिक वेळा पाहिलेली चूक म्हणजे फॅन्टम शीतकपाटातून काढून थेट चुंबकात ठेवणे. तापमान एक अंशाने उतरले की वर्णपटातील पाण्याचे शिखर सुमारे 0.01 पीपीएमने (शिखराची जागा सांगणारे एकक, दशलक्षांश) जास्त आकड्याकडे सरकते. मेंदूत आढळणाऱ्या एन-ॲसिटिल ॲस्पार्टेटचे, म्हणजे एनएएचे, 2.01 पीपीएमवरील शिखर जवळपास जागीच राहते. आमच्या एका प्रकल्पात सकाळच्या चाचणीत पाण्याचे शिखर रुंद येई, कितीही शिमिंग केले, म्हणजे चुंबकीय क्षेत्र एकसारखे करून पाहिले, तरी ते अरुंद होत नसे, आणि दुपारी तेच फॅन्टम निर्दोष ठरे. अभियंत्याला दोनदा बोलावले, संकेत टिपणारी कॉइल बदलून पाहिली, दोन आठवडे वाया गेले. अखेर जुन्या नोंदींतून पाणी आणि एनएए यांच्या शिखरांमधील अंतर मोजले, तेव्हा सकाळी ते दुपारपेक्षा 0.1 पीपीएमने जास्त भरले. म्हणजे बाटली सुमारे 10 अंशांनी गार होती. कडेचा द्रव कोमट आणि मधला थंड, त्यातून द्रवात प्रवाह सुरू झालेले, अशा स्थितीत शिमिंगने काहीही साधत नाही. तेव्हापासून मी फॅन्टम आदल्या संध्याकाळीच स्कॅनरच्या खोलीत ठेवते आणि पाणी-एनएए अंतराची नोंद प्रत्येक चाचणीत करते. तासाभरात बाटली तापते असे म्हणणाऱ्यांनी लिटरभर पाण्याच्या मध्यभागाचे तापमान एकदा स्वतः मोजून पाहावे.

दुसरी चूक वजनकाट्यावर होते. मेंदूच्या नेहमीच्या फॅन्टममध्ये क्रिएटिन 10 मिलिमोलर असते. निर्जल क्रिएटिनचा रेणुभार 131.1 आणि पाण्याचा रेणू जोडलेल्या मोनोहायड्रेटचा 149.2 आहे, डबीवरील अक्षरे न वाचता मोनोहायड्रेट 1.31 ग्रॅम प्रति लिटर घातले, तर द्रावण सुमारे 12 टक्के कमी भरते आणि पुढची सारी गुणोत्तरे चुकतात. कोलिन क्लोराइड हवेतील ओलावा झपाट्याने शोषते, म्हणून त्याची डबी उघडी ठेवून इतर वजने करत बसू नये. क्रिएटिनचे हळूहळू क्रिएटिनिन होत जाते, हेही विसरले जाते. दोघांची मिथाइल शिखरे 3.03 पीपीएमच्या आसपास एकमेकांवर पडत असल्याने केवळ तिथे पाहून ऱ्हास कळत नाही, 3.91 पीपीएमवरील शिखर खाली येते आणि 4.05 पीपीएमच्या जवळ नवे उगवते. मी दर काही महिन्यांनी नेमके तेच पाहते. जुन्या बाटलीवर अखंड विश्वास ठेवणे हा वेळ वाचवण्याचा मार्ग नव्हे.

जंतू वाढू नयेत म्हणून वापरायचे सोडियम अझाइड नेहमी शेवटी, पीएच 7.2 वर आणल्यानंतरच घालावे. एनएए आम्लधर्मी असल्याने आधी घातलेल्या अझाइडपासून विषारी हायड्रॅझोइक आम्ल तयार होऊ शकते. ही पायरी उलटी करण्याची घाई मला अक्षम्य वाटते.

बुडबुडे व्हॉक्सेलजवळ, म्हणजे मोजणीसाठी निवडलेल्या छोट्या घनभागाजवळ, राहू देऊ नयेत. बाटली प्रत्येक वेळी त्याच आधारावर, त्याच दिशेने ठेवावी, आणि ठेवल्यावर द्रव स्थिरावेपर्यंत मोजणी सुरू करू नये. बाटलीच्या चिठ्ठीवर रसायनांचे लॉट क्रमांक, प्रत्यक्ष भरलेली वजने, पीएच आणि तयार केल्याची तारीख असलीच पाहिजे. केवळ "मेंदू फॅन्टम" एवढेच लिहिलेली बाटली मी चाचणीला वापरत नाही.