फोटोचे कोपरे काळवंडायचे, ते असं सुटलं

मायक्रोस्कोपच्या कॅमेऱ्यातून घेतलेल्या आमच्या ऊतीच्या फोटोंचे कोपरे काळपट यायचे. मधल्या पेशी उजळ, कडेच्या मंद. मग रंगाची तीव्रता मोजायची कशी? लेन्स पुसूनही फरक पडेना. कंडेन्सर (स्लाइडवर प्रकाश एकवटणारं भिंग) मध्यावर आणून कोहलर प्रकाशयोजना (नमुन्यावर सगळीकडे सारखा प्रकाश पाडायची पद्धत) नीट बसवली, तेव्हा बराच फरक पडला. उरलेल्यासाठी त्याच एक्स्पोजरवर स्लाइडच्या रिकाम्या भागाचा एक फोटो घेतला, प्रकाश अडवून दुसरा. फिजी या फोटो-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळे फोटो ३२-बिट केले (हे फार महत्त्वाचं, नाहीतर भागाकारातले अपूर्णांक उडतात), नमुना आणि रिकामा या दोन्हींतून अंधाराचा फोटो वजा केला, मग नमुन्याला रिकाम्याने भागून रिकाम्याच्या सरासरीने गुणलं. पार्श्वभूमी एकसारखी झाली! मूळ टिफ फाइल मात्र जपून ठेवा, आणि ऑब्जेक्टिव्ह (नमुन्याजवळचं भिंग) बदललं की रिकामा फोटो नव्याने घ्या.