बरणीवरचं 'प्रिझर्व्हेटिव्ह' फ्रेंचमध्ये कसं लिहावं

तुर्भे-महापेच्या एमआयडीसीत भरलेली लोणच्याची बरणी न्हावाशेवाहून युरोपला निघते, तेव्हा लेबलवरची सर्वांत धोक्याची ओळ असते 'नो प्रिझर्व्हेटिव्हज', म्हणजे पदार्थ टिकवणारं रसायन घातलेलं नाही. शब्दाला शब्द लावून तिचं फ्रेंच केलं की होतं 'सां प्रेझेर्व्हातिफ', म्हणजे 'निरोधाशिवाय'!

मूळ लॅटिन. 'सेर्व्हारे' म्हणजे राखणं. त्याआधी 'प्रे' लागला की आधीच बचाव करणं. रोग टाळण्यासाठी घ्यायच्या औषधालाही हा शब्द वापरत. पुढे इंग्रजीने तो स्वयंपाकघरात नेला, आणि फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, इटालियन, पोलिश सगळ्यांनी मेडिकलच्या काउंटरवर.

खाण्यासाठी या भाषांनी 'कॉन'वाला भाऊ ठेवलाय. फ्रेंच 'काँसेर्व्हातर', जर्मन 'कॉन्झर्व्हिअरुंग्सश्टोफ', स्पॅनिश 'कोन्सेर्बादोर' किंवा 'कोन्सेर्बान्ते', इटालियन 'कोन्सेर्व्हान्ते'. पोलिशमध्येही 'कोन्सेर्'नेच सुरू होणारा शब्द. म्हणून प्रूफ तपासताना उच्चारात अडकू नका, 'सर्व्ह'च्या आधी काय आहे ते बघा. 'कॉन' असेल तर पुढे जा, 'प्रे' दिसला की छपाई थांबवा. सूट फक्त इंग्रजी मजकुराला.

'प्रे'ची ही शोधाशोध डिझायनरकडून अक्षरं कर्व्हमध्ये बदलण्याआधीच्या फाइलमध्ये करून घ्या. नंतर ती नुसती चित्रं असतात, शोधून सापडत नाहीत.

फ्रेंच 'काँसेर्व्हातर' उलटा इंग्रजीत करून पाहिलात तर 'संग्रहालयाचा अभिरक्षक' किंवा 'पुराणमतवादी' असंही येतं. घाबरून दुरुस्ती करू नका, त्या शब्दाला तेही अर्थ आहेत. बरणीवर तोच बरोबर.

सोडियम बेंझोएट घातलं असेल तर नुसतं 'ई २११' हा त्याचा युरोपीय क्रमांक छापून सुटका नाही. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे आधी गटाचं नाव (इथे 'प्रिझर्व्हेटिव्ह'साठीचा त्या भाषेतला शब्द), मग रसायनाचं नाव किंवा ई-क्रमांक लागतो, आणि तोही माल विकला जाईल तिथल्या लोकांना सहज कळेल अशा भाषेत. घटकांच्या यादीत मोहरी ठळक हवी. ती तिथे ॲलर्जीच्या १४ पदार्थांपैकी आहे.

जर्मन शब्द लांबलचक असल्यामुळे अरुंद स्टिकरवर मावत नाही आणि डिझायनर गुपचूप टाइप बारीक करतो. छोट्या 'एक्स' अक्षराची उंची किमान १.२ मिमी हवी. पॅकचा सर्वांत मोठा पृष्ठभाग ८० चौ. सेंमी.पेक्षा लहान असेल तर ०.९ मिमी. स्क्रीनवर मोजू नका, खऱ्या मापाची प्रिंट काढून पट्टी लावा.